जवाएवढी कातडी

पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड खुपसून मी बसले होते. हनुवटी खाचेत, कपाळ पट्टीला टेकलेलं, हातात बटण. समोरच्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही आणि आजूबाजूला कुठेही दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. काचबिंदूवाल्यांना ही फील्ड टेस्ट तोंडपाठ असते. मला काचबिंदू नव्हता. मी आपली इमानेइतबारे बटण दाबत होते आणि मनात म्हणत होते, वरच्या बाजूला ही मंडळी दिवे लावतच नाहीत वाटतं.

मग टेक्निशियन मुलीनं माझ्या दोन्ही वरच्या पापण्या उचलल्या आणि कागदी चिकटपट्टीनं भुवयांखाली डकवून टाकल्या. "काकू, आता परत एकदा." पुन्हा तोच खेळ. या वेळी वरचे दिवेही लागले. इतका वेळ ते लागत होतेच, मीच वळचणीखाली बसले होते.

दोन्ही छापील कागद शेजारी ठेवून डॉक्टरीणबाईंनी मला दाखवले. पट्टी न लावलेल्या कागदावर वरचा भाग काळा, पट्टी लावलेल्यावर तोच भाग उजळ. बाई वयानं माझ्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या असतील. डोळ्यांच्या डॉक्टर, त्यातही पापण्यांच्या. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "काकू, पापण्यांचं ऑपरेशन दिसत नाही म्हणून करायचंय, की दिसायला?"

मराठीनं इथे मोठी पंचाईत करून ठेवली आहे. मला नीट दिसत नाही आणि मी नीट दिसत नाही, दोन्हींना क्रियापद एकच. विमा कंपनीला मात्र या दोहोंतला फरक बरोबर कळतो. पहिलं असेल तर कागद पुढे सरकतात. दुसरं असेल तर ते कॉस्मेटिक, म्हणजे खर्च तुमचा. मी म्हटलं, "दिसत नाही म्हणून." कागद तर माझ्या बाजूनं होताच. पण तो कागद हातात येण्याच्या कितीतरी आधी, निदान पाच वर्षं, रोज सकाळी केस विंचरताना मी दोन बोटांनी भुवया वर ओढून बघत होते, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना कळलं असणार. त्यांच्याकडे येणाऱ्या सगळ्याच बायका तो चाळा करून आलेल्या असतात.

हे डोळे माझ्या माहेरचे. वरच्या पापणीची कातडी सैल, चाळिशी उलटली की ती घडीवरून ओघळते, पन्नाशीत पापणीच्या केसांवर येऊन बसते. आमच्या घरातल्या कुठल्याही लग्नाचा ग्रुप फोटो काढून बघा, वडील, काका, दोन्ही आत्या, सगळे ओळीनं पेंगत उभे आहेत. कोणी पेंगत नसायचं. आमच्यात झोपेचा आनंद आहे; आत्या तर पहाटे चारला उठून बसायची.

घरात हे चालून गेलं. बँकेत काउंटरवर बसायला लागल्यावर नडलं. काचेपलीकडचा माणूस आधी आपला चेहरा बघतो, मग स्लिप सरकवतो. "मॅडम, बरं नाही का?" हे आठवड्यातून एकदा. "मॅडम आज रागात आहेत," हे मला ऐकू येईल अशा बेतानं, रांगेतल्या पुढच्याला. एका आजोबांनी तर पासबुक भरून घेता घेता समजूत घातली, "अगं, घरचं घरी ठेवावं." माझ्या घरी त्या दिवशी काहीही नव्हतं. सकाळी पोहे खाऊन निघाले होते, पाण्याची बाटलीसुद्धा विसरले नव्हते. पण लोक माझ्या पापण्यांवर एक मजकूर वाचत होते आणि तो मी लिहिलेला नव्हता.

निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना हे सगळं कशाला, असं नवऱ्यानं विचारलं. साधाच प्रश्न, त्यात टोमणा नव्हता. उत्तर देता आलं नाही म्हणून मी वाचायला लागले.

वाचताना आधी भाषेनंच अडवलं. आपण पापणी म्हणतो तेव्हा केसही म्हणत असतो आणि ज्यावर ते केस उगवतात ते झाकणही. पापण्या लांबसडक असतात, मिटतात, ओल्याही होतात, सगळं एकाच शब्दात. संस्कृतात मात्र केस ते पक्ष्म आणि झाकण ते वर्त्म. सुश्रुतानं डोळ्यांचे शहात्तर रोग मोजले, त्यातले एकवीस या एकट्या वर्त्माचे. त्यातल्या एका दुखण्यात पापणीचे केस आत वळतात आणि बुबुळाला टोचत राहतात. त्यावर त्यानं सांगितलेला उपाय वाचून मी उडालेच. भुवईखालचे दोन भाग सोडायचे, केसांलगतचा एक भाग सोडायचा, आणि मधली जवाच्या आकाराची कातडी आडवी कापून काढायची. मग केसानं शिवायचं, मध-तूप लावायचं, कपाळाला पट्टी बांधायची. शिवणारा वैद्य कसा असावा, तर अप्रमत्त. म्हणजे सावध, हलगर्जी न करणारा.

त्याचा हेतू वेगळा होता, सौंदर्याचा त्यात संबंध नाही. पण माझ्या डॉक्टरीणबाई नंतर माझ्या पापणीवर जो आकार काढणार होत्या तो हाच: दोन्हीकडे निमुळता, मध्ये फुगीर. आणि सुश्रुत काय कापायचं ते सांगण्याआधी काय सोडायचं ते सांगतो, ही गोष्ट माझ्या डोक्यात बसली ती बसलीच.

या शस्त्रक्रियेचं पाश्चात्त्य नाव ब्लेफरोप्लास्टी. ब्लेफरॉन म्हणजे ग्रीकमध्ये पापणी. हे नाव 1818 साली बर्लिनच्या कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफे या सर्जननं रूढ केलं, कॅन्सरची गाठ काढल्यावर पापणी पुन्हा घडवण्याच्या कामासाठी. त्या साली त्याचं जे पुस्तक निघालं ते मात्र मुळात नाकावर होतं. आणि युरोपातलं ते नाकाचं वेड कुठून आलं, तर थेट आपल्या पुण्यातून. कावसजी नावाचा इंग्रजांच्या फौजेतला बैलगाडीवान टिपूच्या कैदेत सापडला, त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळच्या एका कारागिरानं, विटा भाजणाऱ्यांच्या जातीतल्या माणसानं, कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. 1794 च्या ऑक्टोबरात लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये ती हकिकत चित्रासह छापून आली. ती वाचून कार्प्यू या इंग्रज सर्जननं 1814 मध्ये लंडनला तसं नाक करून पाहिलं, आणि चार वर्षांनी ग्रेफेचं पुस्तक. त्या कारागिराचं नाव मात्र कोणी लिहून ठेवलं नाही. बैलगाडीवानाचं ठेवलं.

नुसत्या दिसण्यासाठी पापणी कापणं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलं. त्यातली मला आवडलेली बाई म्हणजे पॅरिसची सर्जन सुझान नोएल. पहिल्या महायुद्धात सैनिकांचे फाटलेले चेहरे सावरण्याचं काम ती शिकली, आणि बायकांच्या सुरकुत्याही काढायची. बायकांना मत मिळावं म्हणून भांडणारी बाई सुरकुत्या का काढत बसली? कारण तिच्याकडे नोकरी टिकवायची म्हणून बायका यायच्या. वय चेहऱ्यावर आलं की त्यांना कामावरून काढून टाकत. 1926 मध्ये तिनं या विषयावर पुस्तक लिहिलं आणि त्याच्या नावातच या शस्त्रक्रियेच्या सामाजिक कामाचा उल्लेख केला. तिचं सगळं म्हणणं मला पटतं असं नाही. बाईचं वय बघून तिला काढणाऱ्या मालकाची कातडी कोणी सोलत नाही, शेवटी बाईचीच पापणी कापली जाते. पण काउंटरवर पस्तीस वर्षं काढलेल्या बाईला नोएलशी भांडायचा उत्साहही येत नाही.

माझी मुलगी कोरियन मालिका बघून वाढलेल्या पिढीतली. तिला वाटलं आईला तेच करायचंय, जे सोलच्या गंगनममध्ये पोरी करून घेतात. मी म्हटलं, बरोबर उलटं. तिकडे पुष्कळांच्या वरच्या पापणीला घडीच नसते, ती टाके घालून पाडतात. माझ्याकडे घडीवर घडी झालेली, ती उपसायची. तिचं पुढचं म्हणणं, हे सगळं अमेरिकनांसारखं दिसायला. यात तथ्य नाही असं नाही. कोरियन युद्धानंतर तिथे राहिलेल्या मिलार्ड या अमेरिकन सर्जननं अशा शस्त्रक्रिया केल्या आणि त्यावर लिहिलंही. पण जपानच्या मिकामो या डॉक्टरनं घडी पाडायची पद्धत 1896 मध्येच छापली होती, आणि त्याच्याकडे आलेल्या बाईच्या एका डोळ्याला घडी होती, दुसऱ्याला नव्हती. तिला अमेरिका नको होती, दोन्ही डोळे सारखे हवे होते. मुलगी म्हणाली, "आई, तू फार वाचतेस." तेही खरं.

वाचल्याचा एक तोटा असा की संमतीपत्र आपल्याला खरंच कळतं. त्यात एक ओळ होती: डोळ्यामागे रक्तस्राव होऊन दृष्टी जाण्याची शक्यता, अत्यंत विरळ. विरळ हा शब्द मी दहा वेळा वाचला. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, रक्तदाब किती, डोळे कोरडे पडतात का, थायरॉइड आहे का, असं सगळं त्यांनी खोदून विचारलं होतं ते यासाठी. थायरॉइडच्या आजारात खाली बघताना वरची पापणी मागे राहते, हे ज्यानं टिपलं तो डॉक्टर त्याच ग्रेफेचा मुलगा. पापणी खाली येते याची कारणंही एक सोडून तीन निघाली. कातडी ओघळते ते वेगळं, पापणी उचलणारा स्नायूच ढिला पडतो ते वेगळं, आणि भुवईच खाली घसरते ते आणखी वेगळं. स्नायू ढिला असताना नुसती कातडी कापली तर माणूस पैसे देऊन पेंगतच राहतो. माझं पहिल्या प्रकारचं होतं. तरी तीन आठवडे मी गप्प बसले.

डोळ्याखालच्या काळ्या वर्तुळांचंही विचारून घेतलं, आलेच आहे तर. बाई हसल्या. "तो रंग आहे काकू, पिशवी नाही. रंगाला सुरी लागू पडत नाही." आपल्याकडे पुष्कळांची तीच तक्रार असते, आणि ती या शस्त्रक्रियेनं जात नाही. खाली खरोखर पिशव्या असतील तर त्या चरबीच्या. ती चरबी सगळ्यांनाच असते, डोळ्याच्या खोबणीत गादीसारखी. तिला अडवणारा पडदा वयानं सैल पडला की ती पुढे येते. पूर्वी सर्रास काढून टाकायचे. मग दहा-पंधरा वर्षांनी डोळे खोल गेलेले, कवटी दिसायला लागलेली. आता बरेच सर्जन ती थोडी काढतात, थोडी नुसती खाली पसरवतात. माझ्या खालच्या पापण्यांना त्यांनी हातच लावला नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सर्वांत महत्त्वाचं काम भूल देण्याआधी झालं. आडवं न करता मला ताठ बसवलं, कारण झोपल्यावर कातडी मागे पळते आणि सगळा हिशेब चुकतो. बारीक टोकाच्या पेनानं त्यांनी माझ्या मूळच्या घडीवर रेघ ओढली, पापणीच्या कडेपासून आठ-नऊ मिलिमीटर वर. मग बोथट चिमट्यानं वरची कातडी चिमटीत धरून, "डोळे मिटा... उघडा... मिटा," असं करत दुसरी रेघ. मग मोजपट्टी लावून मोजलं. भुवईपासून केसांपर्यंत साधारण वीस मिलिमीटर कातडी उरली पाहिजे, नाहीतर डोळा मिटणार नाही. शरीरातली सर्वांत पातळ कातडी ही, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, आणि तिच्यातलं किती न्यायचं याचा निर्णय किती ठेवायचं यावर. मी मनात म्हटलं, अप्रमत्त.

सुई टोचली तेवढंच दुखलं. पुढे पाऊण तास जागेपणी मी स्वतःच्या पापणीवर चाललेलं काम ऐकत होते. कात्रीचा आवाज रेशमी कापड कापल्यासारखा. रक्त थांबवायला डागतात तेव्हाचा वास ओळखीचा; लहानपणी समईवर वाकले असताना केस जळले होते, तसा. मध्येच एकदा, "काकू, उघडा बघू," म्हणून त्यांनी दोन्ही बाजू जुळवून पाहिल्या. काढलेल्या दोन फाकी गॉझवर ठेवल्या होत्या. मी मागून घेऊन बघितल्या. जवापेक्षा मोठ्या होत्या, पण आकार तोच.

दोन दिवस बर्फ. उशीवर उशी ठेवून अर्धवट बसून झोप. डोळ्यांभोवती आधी जांभळाचा रंग, मग पिकलेल्या कवठाचा. शेजारच्या वहिनी दूध द्यायला आल्या आणि नवऱ्याकडे अशा काही बघायला लागल्या की मलाच घाईनं डिस्चार्जचा कागद दाखवावा लागला. सहाव्या दिवशी टाके निघाले.

पण त्या आठवड्यातली खरी गंमत, किंवा भीती, रात्रीची. "तू उघड्या डोळ्यांनी झोपतेस," नवरा म्हणाला. सूज आणि ताणामुळे पापण्या पूर्ण मिटत नव्हत्या, खाली पांढरी चीर राहायची. त्या चिरेत रात्री मलम भरायचं, दिवसभर थेंब. डोळे लवायचे, पण अर्ध्यावरून परत फिरायचे. आपण मिनिटाला पंधराएक वेळा पापणी लववतो हे एरवी कोण मोजतं? मी मोजलं, कारण प्रत्येक वेळी बुबुळावर वाळू फिरायची.

अशाच एका रात्री मला दमयंती आठवली. स्वयंवरात चार देव नळाचंच रूप घेऊन बसलेले, पाच नळ सारखेच. तिनं खरा ओळखला कसा? देवांना घाम नव्हता, त्यांच्या माळा कोमेजत नव्हत्या, पाय जमिनीला टेकत नव्हते, आणि त्यांची पापणी लवत नव्हती. ज्याचे डोळे मिटत-उघडत होते तो आपला माणूस. आपल्याकडे शेंदूर लावलेल्या देवाला चांदीचे डोळे बसवतात, त्यांनाही पापणी नसते. देवानं सतत बघत राहायचं. मला ते आठ दिवसच करायला लागलं, आणि मी सांगते, देवाचे हाल आहेत. नवव्या की दहाव्या रात्री नवऱ्यानं टॉर्च मारून पाहिलं आणि जाहीर केलं, "मिटले." एवढा आनंद त्याला आमची मुलगी दहावी पास झाली तेव्हा झाला होता.

आरशातला बदल मी धरून चालले होते तिथे झालाच नाही. डोळे मोठे, टपोरे वगैरे काही नाही. घडी दिसायला लागली आणि केसांची ओळ मोकळी झाली, एवढंच. बदल झाला तो कपाळात. कित्येक वर्षं माझं कपाळ पापण्यांचं ओझं वाहत होतं. पुढचं दिसावं म्हणून मी नकळत भुवया उचलून धरत होते. उचलायचं कारण संपलं आणि भुवया आपसूक खाली उतरल्या, कपाळावरच्या तीन आडव्या रेघा निम्म्या झाल्या. संध्याकाळी जे डोकं जड व्हायचं आणि ज्याचं खापर मी बँकेच्या ट्यूबलाइटवर फोडत होते, ते बंद झालं. याबद्दल मी एका शब्दानं तक्रार केली नव्हती, तो फायदा मला असाच, वरकड मिळाला.

महिनाभरानं कामावर गेले. कोणालाही काय बदललं ते ओळखता आलं नाही. "केस कापलेस का?" "चष्मा नवा?" "गावाला जाऊन आलीस वाटतं." रांगेतलं "रागात आहेत" थांबलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूपच बरं वाटलं.

मग जूनमध्ये माझी शाळेपासूनची मैत्रीण गेली. आठ महिने आजारी होती, अनपेक्षित नव्हतं. तिच्या घरी जाताना मी रिक्षात सबंध वाटभर रडले. दारात चपला काढत होते तेव्हा तिची जाऊ पुढे आली, माझे हात धरले, चेहऱ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तू किती ताजीतवानी दिसतेस गं." तिच्या मनात वाकडं काही नव्हतं, ती स्वतः दोन रात्री जागी होती, तोंडाला आलं ते बोलली. मी आत जाऊन सतरंजीवर बसले आणि तासभर मान खाली घालून राहिले. जुन्या पापण्या असत्या तर मला काही करावं लागलं नसतं. त्यांनी माझ्या वतीनं दुःख केलं असतं, जसा त्या इतकी वर्षं माझ्या वतीनं राग करत होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांचा मजकूर हवा होता आणि तो मी कापून टाकला होता.

त्यानंतर महिन्याभरात काकांना भेटायला गावी गेले. वय एक्याऐंशी. आमच्या घराण्याच्या डोळ्यांचा शेवटचा टप्पा म्हणजे काका: उजव्या हातात पेपर, डाव्या हाताच्या बोटानं उजवी पापणी वर धरलेली, असेच ते वाचतात. बोट दमलं की पेपर खाली. मला बघून त्यांनी पापणी उचलली, निरखून पाहिलं, म्हणाले, "भाऊच्या घरचे डोळे घालवलेस की गं." मग जरा थांबून हळूच, काकू ऐकत नाही ना ते बघत, "दुखतं का फार?"

या वयात, त्यांच्या हृदयाच्या गोळ्या चालू असताना, ते होणार नव्हतं. दोघांनाही माहीत होतं. माझ्या पर्समध्ये ती कागदी चिकटपट्टी अजून होती. मी दोन तुकडे फाडले, त्यांच्या पापण्या हलक्या हातानं उचलल्या आणि भुवयांखाली डकवल्या, त्या मुलीनं माझ्या डकवल्या होत्या तशा. काका आरामखुर्चीत मागे टेकले. दोन्ही हात मांडीवर मोकळे. डोळे आधी समोर, मग हळूहळू वर, भिंतीवरून छताकडे गेले.

"अगं ए," त्यांनी आत हाक मारली, "या पंख्यावर किती धूळ बसलीये!"